युद्धखेळांतील सैन्याचें अवसान

ऐतिहासिक साधनांच्या चर्चेसाठीं राखलेल्या या पृष्ठांत खेळांचा विचार करावयाचा म्हटल्यास कांहीं वाचकांस तो अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या खेळांविषयीं आम्ही लिहीत आहों ते निव्वळ करमणुकीचे नव्हत. रणभूमीचा नकाशा, दोन्ही पक्षांचें संख्याबळ, सरदारांचीं नांवें, तोफाबंदुकांचे पल्ले हीं सर्व इतिहासांतून उचलून ते रचिलेले असतात. आणि ‘ही लढाई अशी झाली, व अमुक केलें असतें तर तशी झाली असती’ असें विधान ते खेळणारापुढें मांडतात. असें विधान एखाद्या ग्रंथानें केलें असतें तर त्याचें परीक्षण करणें आपण कर्तव्य समजलों असतों. मग तेंच विधान पटावर किंवा संगणकाच्या पडद्यावर केलें, एवढ्यानेंच तें परीक्षणांतून कां सुटावें? शिवाय आजचा तरुण बखर उघडण्यापूर्वीं हे खेळ उघडतो, ही गोष्ट आपणांस आवडो वा न आवडो, खरी आहे.

या खेळांच्या सर्व अंगांचा विचार येथें कर्तव्य नाहीं. एकच प्रश्न घ्यावयाचा आहे, तो सैन्याच्या अवसानाचा. माणसें मेलीं किती यापेक्षां उरलेलीं उभीं राहिलीं कीं नाहीं यावर लढाईचा निकाल लागतो, हें बखरकारांस पक्कें ठाऊक होतें; म्हणूनच ‘फौजेचें अवसान गेलें’, ‘धीर सुटला’, ‘पाय निघाला’ अशा शब्दांनीं ते पराभव सांगतात. हें अवसान खेळांत कसें मोजतात, तें मोजमाप इतिहासास धरून आहे काय, व नसल्यास कसें असावें, हें पाहावयाचें आहे. कसोटीसाठीं आम्ही पानिपतची लढाई घेतली आहे, कारण तिचीं साधनें आपल्या वाचकांस परिचित आहेत.

प्रथम थोडें पूर्ववृत्त. आपल्या बुद्धिबळांत प्यादें कधीं भीत नाहीं. शेजारचीं चार प्यादीं मारलीं गेलीं तरी पांचवें आपल्या घरांत निश्चल असतें. प्रशियाच्या रायस्विट्झनें इ. स. १८२४ मध्यें लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणाकरितां ‘क्रीगस्पील’ नांवाचा जो खेळ प्रसिद्ध केला, त्यांत खरा नकाशा आला, फांसे आले, नुकसानीचीं कोष्टकें आलीं, आणि निवाडा देणारा पंच आला. कोष्टकांचें ओझें फार झालें असें वाटून पुढें इ. स. १८७६ मध्यें फेर्दी द्यु व्हेर्न्वा यानें बराचसा निर्णय अनुभवी पंचाच्या तारतम्यावर सोपविण्याची पद्धति पुरस्कारिली. इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स याच्या १९१३ सालच्या ‘लिटल वॉर्स’मध्यें कमानीच्या तोफेनें खेळण्यांतले शिपाई पाडावयाचे असतात, जो पडला तो मेला, जो उभा तो शूर, असा त्यांतला सरळ हिशेब आहे. अवसानाचे स्वतंत्र नियम खेळांत सर्वत्र रुळले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत.

या सुधारणेमागील तत्त्व मात्र जुनें आहे. फ्रेंच कर्नल आर्दां द्यु पीक हा १८७० सालच्या जर्मन युद्धांत मेत्सजवळ जखमी होऊन वारला. त्याचें लेखन त्याच्या मृत्यूनंतर ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें. दोन फळ्या एकमेकींवर आदळण्यापूर्वींच बहुधा एकीचें मन मोडतें, आणि कत्तल होते ती पाठ फिरल्यावर, हें त्याच्या प्रतिपादनाचें सार होय. हें ज्या खेळांनीं ओळखलें त्यांनीं बुद्धिबळाच्या प्याद्यास मन दिलें असेंच म्हटलें पाहिजे, आणि त्याबद्दल त्यांस श्रेय देणें न्याय्य आहे.

आज प्रचारांत असलेल्या रीति मुख्यतः तीन दिसतात. पहिली रीत १९७७ सालच्या ‘स्क्वॉड लीडर’ या दुसऱ्या महायुद्धावरील पटाच्या खेळांत आहे. तेथें प्रत्येक तुकडीस धैर्याचा एक अंक दिलेला असतो. मारा झाला कीं फांसे टाकून परीक्षा घ्यावयाची. परीक्षेंत उतरली नाहीं ती तुकडी ‘मोडली’ म्हणून तिची सोंगटी उलटी करावयाची. जवळ अधिकारी असेल तर तो ती पुन्हा सांवरूं शकतो. दुसरी रीत प्राचीन व मध्ययुगीन लढायांवरील ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ या १९९० सालच्या नियमसंग्रहांत आढळते. सैन्याचे भाग बारा. त्यांतले चार गेले आणि शत्रूचे तितके गेले नाहींत, कीं सबंध सैन्य हरलें. तिसरी रीत संगणकावरील ‘टोटल वॉर’ मालिकेची. त्यांपैकीं २००९ सालच्या ‘एम्पायर’ या खेळांत मराठी राज्य खेळणारास घेतां येतें, म्हणून तो आपणांस विशेष निकटचा. त्यांत प्रत्येक पथकाच्या अवसानाचा अंक क्षणोक्षणीं वरखालीं होत असतो. बगलेवर मारा झाला, शेजारचें पथक पळालें, सेनापति पडला, कीं तो उतरतो. सेनापति जवळ असला कीं चढतो. अगदीं खालीं गेला कीं पथकावर पांढरें निशाण फडकूं लागतें आणि माणसें धूम ठोकतात.

या तिन्ही रीतींत बारकाईचें अंतर पुष्कळ असलें तरी एक गृहीत समान आहे. अवसान ही एक राशि आहे. ती कमी झाली कीं पथक मोडण्यास सोपें, जास्त असली कीं कठीण. भूक, थकवा, धन्याचा मृत्यु, पाठीवरचा मारा ही सर्व निरनिराळीं दुखणीं एकाच नाण्यांत मोडून त्या राशींतून वजा करावयाचीं. आमच्या मतें दोष येथेंच आहे, आणि तो पानिपतावर लावून पाहतां स्पष्ट होतो.

नोव्हेंबर १७६० च्या आरंभापासून दोन्ही फौजा पानिपतावर समोरासमोर होत्या. डिसेंबरांत बळवंतराव मेहेंदळे पडला. त्याच महिन्यांत अंतर्वेदींत अबदालीची रसद मारणारा गोविंदपंत बुंदेला मारला गेला. जानेवारीच्या आरंभीं दिल्लीहून खजिना घेऊन येणारी एक तुकडी वाट चुकून अफगाणांच्या छावणींत शिरली व कापली गेली. छावणींत बुणगे, बायकामुलें व यात्रेकरू यांची मोठी गर्दी होती. दाणा नाहीं, वैरण नाहीं, जनावरें मरूं लागलेलीं. शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेला काशीराज शिवदेव सांगतो कीं, शिपायांनीं भाऊसाहेबांपुढें येऊन, उपाशीं मरण्यापेक्षां लढून मरूं, असें म्हटलें. आतां ‘एक राशि’ मानणाऱ्या खेळांत या फौजेस काय अंक द्यावा? भुकेचे इतके, थंडीचे इतके, हाल झालेल्या घोड्यांचे इतके, असे वजा करीत गेल्यास १४ जानेवारीच्या सकाळीं शिल्लक शून्याच्या आसपास राहील, आणि पहिल्याच बाडीला पांढरें निशाण फडकेल. पण प्रत्यक्षांत काय झालें? इब्राहिमखानाच्या गारद्यांनीं रोहिल्यांची फळी फोडली. भाऊच्या हुजुरातीनें वजीर शहावलीखानाचा मध्य मोडला. ही उपाशी फौज सकाळपासून दुपार टळेपर्यंत लढली, आणि त्यांतला बराच वेळ वरचढ राहून लढली. उलट, भूक हिशेबांत घेतलीच नाहीं, तर ती फौज तिसऱ्या प्रहरीं एकाएकीं कां विरघळली याचा उलगडा होत नाहीं. मग खेळास विश्वासरावाच्या मृत्यूवरच सर्व भार टाकावा लागतो. म्हणजे अंक लहान धरला तर सकाळ खोटी ठरते, मोठा धरला तर दुपार खोटी ठरते. दोन्ही खऱ्या ठरतील असा एकच अंक असूं शकत नाहीं.

ही अडचण सोडविण्यास आम्हांस कौटिलीय अर्थशास्त्राचा फार उपयोग झाला. शामशास्त्र्यांनीं तें १९०९ मध्यें छापिलें, पुढें प्रा. र. पं. कंगले यांची संशोधित आवृत्ति मुंबई विद्यापीठानें १९६० पासून प्रसिद्ध केली. त्याच्या आठव्या अधिकरणाच्या पांचव्या अध्यायांत सैन्याचीं व्यसनें, म्हणजे सैन्यावर येणाऱ्या आपत्ति, दिल्या आहेत. त्या तीसांहून अधिक आहेत. पण संख्येपेक्षां त्यांची मांडणी महत्त्वाची आहे. कौटिल्य दोन दोन आपत्ति जोडीनें घेतो आणि प्रत्येक जोडीस एकच प्रश्न विचारतो: यांपैकीं कोणतें सैन्य पुन्हा लढेल, व कोणतें लढणार नाहीं?

कांहीं जोड्या पाहा. ‘अमानित’ म्हणजे ज्याचा मान राखला नाहीं तें सैन्य. त्यास मान व द्रव्य दिलें कीं तें लढेल. ‘विमानित’ म्हणजे ज्याचा उघड अपमान केला तें. त्याच्या पोटांत सल असतो, तें लढणार नाहीं. ‘अभृत’, ज्याचा पगार थकला आहे, तें तत्काळ पगार चुकवितांच लढेल; ‘व्याधित’, रोगग्रस्त, तें नाहीं. ‘परिश्रांत’, थकलेलें, तें स्नान, अन्न व झोंप मिळाली कीं लढेल. ‘परिक्षीण’, ज्याचीं वाहनें व माणसेंच झिजलीं, तें नाहीं. ‘कलत्रगर्भि’, ज्याच्या पोटांत बायकापोरांचें लटांबर आहे, तें त्यांस दूर सुरक्षित ठेविलें कीं लढेल. ‘छिन्नधान्य’, ज्याचें धान्य तुटलें, तें दुसरीकडून धान्य आणून लढेल. परंतु ज्याची मागून येणारी माणसांची कुमकच तुटली तें लढणार नाहीं. ‘उपरुद्ध’, एका बाजूनें कोंडलेलें, तें दुसऱ्या बाजूनें निघून लढेल. ‘परिक्षिप्त’, चहूंकडून वेढलेलें, तें नाहीं.

या विवेचनांत ‘किती धैर्य उरलें’ हा प्रश्नच नाहीं. मोड प्रत्येक सैन्याची होते, हें कौटिल्य धरून चालतो. त्याला पाहावयाचें आहे तें हें कीं, त्या मोडीवर उतारा कोणता, आणि तो उतारा त्या सेनापतीच्या हातीं आहे कीं नाहीं. दुखणें व औषध यांची ही जोडी जुळविली म्हणजे पानिपतचें कोडें बऱ्याच अंशीं सुटतें.

मराठी फौज अभृत होती. दिल्लीच्या दिवाण-इ-खासचें रुप्याचें छत काढून भाऊनें पैसा केला होता, पण तो केव्हांच संपला, आणि नवा खजिना वाटेंत बुडाला. ती कलत्रगर्भि होती. कुटुंबें ठेवावयास सुरक्षित जागा पाठीमागें उरली नव्हती. ती छिन्नधान्य होती; धान्य दुसरीकडून आणील असा गोविंदपंत उरला नव्हता. दक्षिणेकडील कुमकेचा मार्ग तुटलेला होता. म्हणजे यांतलीं बहुतेक दुखणीं कौटिल्याच्या मतें साध्य. पण एकेक करून त्यांचें औषध तेवढें नाहींसें झालें होतें. औषध नाहींसें झालें म्हणून शूर माणूस लगेच भ्याड होत नाहीं. उलट त्याचा पहिला आवेश अधिकच तीव्र होतो. मात्र एकदां तो आवेश ओसरला कीं परत भरून येण्यास कांहीं उरत नाहीं. सकाळ व दुपार या दोन्ही येथें खऱ्या ठरतात.

याची दुसरी बाजू अबदालीची. त्या दिवशीं अफगाणांची मोड झाली नाहीं, असें कोणी समजूं नये. काशीराजाच्या वृत्तांतांत वजीर शहावलीखान घोड्यावरून उतरून, देश फार दूर आहे, पळून जाणार कोठें, असें आपल्या पळत्या शिपायांस विनवीत असल्याचें चित्र आहे. पळून छावणींत आलेल्यांस हुसकावून परत रणांत घालण्याकरितां अबदालीनें आपले नसकची पाठविले, आणि राखून ठेवलेली ताजी फौज नेमक्या वेळीं मध्यावर व बगलेवर घातली. तात्पर्य, त्या दिवशीं मोड दोघांचीहि झाली. एकाची मोड जुळविण्यास माणसें व साधनें शिल्लक होतीं, दुसऱ्याजवळ नव्हतीं. फरक एवढाच, आणि तोच निर्णायक.

आतां विश्वासरावाच्या मृत्यूचा प्रश्न. धनी पडल्यानें फौज खचते हें कोण नाकारील? शत्रूच्या राजास मारणारास एक लक्ष पण आणि साध्या पायदळ शिपायाच्या शिरास वीस पण असें बक्षीस कौटिल्यानेंच सांगितलें आहे. परंतु त्याच कौटिल्यानें येथेंहि भेद केला आहे. ‘भिन्नकूट’ म्हणजे ज्याचा मुख्य पडला तें सैन्य दुसऱ्या मुख्याच्या हाताखालीं दिल्यास लढेल. ज्यास वाट दाखविणाराच नाहीं, तें ‘अंध’ सैन्य लढणार नाहीं. ‘अस्वामिसंहत’, राजा किंवा सेनापति यांवांचून उरलेलें, तेंहि नाहीं. इ. स. १६७० मध्यें सिंहगडावर तानाजी पडला; सूर्याजीनें तत्काळ हुकमत हातीं घेतली आणि गड आला. दोर कापल्याची गोष्ट परंपरेची म्हणून सोडून दिली तरी, धाकट्या भावानें फौज सांवरली हें सभासदहि सांगतो. उलट १६५८ मध्यें सामूगढावर दारा शिकोह जिवंत असतांहि हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. रिकामा हौदा पाहून फौज फुटली. म्हणजे सेनापति मेला कीं जगला यापेक्षां हुकूम देणारा कोणी दिसतो कीं नाहीं, याचें वजन अधिक.

पानिपतावर विश्वासराव पडला तेव्हां तो अठराएक वर्षांचा होता. सैन्याचा नामधारी धनी तो, प्रत्यक्ष चालक भाऊ. फौज त्या क्षणीं केवळ भिन्नकूट झाली होती, आणि तिचा दुसरा मुख्य जिवंत होता. पण भाऊ हत्तीवरून उतरून, घोड्यावर बसून, स्वतः गर्दींत शिरला. त्याच्या शौर्याविषयीं वाद नाहीं. परंतु त्यानंतर फौजेस हुकूम देणारा कोणी राहिला नाहीं, आणि भिन्नकूट सैन्य अंध झालें. होळकर रणांतून बाहेर पडले. तें आधीं ठरलेलें होतें कीं नाहीं हा वाद आम्ही येथें काढीत नाहीं. उरलेल्या फौजेवर त्याचा परिणाम, मुख्य निघून गेल्यानें मोडलेल्या ‘परिसृप्त’ सैन्यासारखा झाला, एवढें पुरें.

यावरून खेळाचे नियम कसे असावे तें सांगतां येईल. पहिला नियम असा कीं, अवसानाचा हिशेब लढाईच्या सकाळीं सुरू होऊं नये. तो मोहिमेंत महिनोन्‌महिने चालावा, आणि पगार, रसद, कुटुंबकबिला, कुमकेचा मार्ग यांची नोंद प्रत्येकाची वेगळी असावी. दुसरा, या नोंदींनीं पथकाचा पहिला जोर सहसा घटवूं नये. पथक मोडल्यावर तें पुन्हा जुळेल कीं नाहीं, व कितीदां जुळेल, हें त्यांनीं ठरवावें. तिसरा, प्रत्येक दुखण्याचें औषध वेगळें असावें. पगार थकलेल्या पथकासमोर सेनापति घोडा नाचवीत फिरला एवढ्यानें तें बरें होऊं नये. चौथा, मुख्य पडल्यास ठराविक अंक वजा न करतां, दुसरा मुख्य कोण, तो किती वेळांत हुकमत घेतो आणि फौजेस दिसतो काय, यावर परिणाम अवलंबावा. पांचवा, राखीव फौजेचें मोल केवळ तिच्या संख्येंत न धरतां पळत्यांस अडवून सांवरण्याच्या तिच्या सामर्थ्यांत धरावें. ‘स्क्वॉड लीडर’मधील मोडलेली तुकडी सांवरण्याची कल्पना या दिशेनें सर्वांत जवळ येते, तिला कारणांचा भेद जोडला म्हणजे काम होईल.

यावर दोन आक्षेप येतील. एक असा कीं, कित्येक शतकांपूर्वींच्या नीतिग्रंथानें अठराव्या शतकांतील लढाई समजावून घेणें सयुक्तिक नाहीं. आम्हीं कौटिल्य पुरावा म्हणून घेतलेला नाहीं. पुरावा काशीराजाचा व पत्रव्यवहाराचा आहे. कौटिल्याकडून घेतला तो प्रश्न. तो प्रश्न बखरींत अडकून पडलेल्या सामग्रीस अर्थ देतो, म्हणून ग्राह्य. दुसरा आक्षेप, असा खेळ फार बोजड होईल. पटाच्या खेळास हा आक्षेप कांहीं अंशीं लागू आहे. तेथें सर्व व्यसनें न घेतां त्या लढाईस लागू पडणारीं चारपांच घ्यावीं. परंतु जो संगणक क्षणांत सहस्रावधि शिपायांचीं पावलें मोजतो, त्यास पगार व दाणा मोजणें जड जाईल हें आम्हांस पटत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यासाठींच हा लेख लिहिला. पडद्यावर पांढरें निशाण फडकलें कीं खेळणारा मुलगा सहज म्हणतो, ‘पळाले!’ पानिपतावरील माणसांविषयीं हा शब्द आपल्याकडे अडीचशेंहून अधिक वर्षें वापरला गेला आहे, आणि शेजवलकरांसारख्या संशोधकानें आपल्या आयुष्याचा मोठा भाग देऊन त्या दिवसाचीं कारणें तपासल्यावरहि तो पुरता गेलेला नाहीं. खेळ तो पुन्हा रुजवीत आहे, तोहि अंकांच्या रूपानें. आणि अंकांवर लोकांचा विश्वास फार. दोन दिवसांच्या उपाशीं माणसानें सकाळीं शत्रूची फळी फोडली आणि तिसऱ्या प्रहरीं त्याचे पाय निघाले, तर त्याचें धैर्य कमी होतें असा निकाल देण्यापूर्वीं त्यास सांवरावयास मागें कोण होतें हें विचारलें पाहिजे. जो खेळ हा प्रश्न विचारावयास शिकवील, त्याचें आम्ही इतिहासाचें साधन म्हणून स्वागत करूं.